वर्गातल्या 'वांड' मुलासाठी एक पानभर नोंद: कोकणातल्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक-शिक्षिका, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

या पत्रात एक मागणी आहे आणि ती आधीच सांगून टाकते. तुमच्या वर्गात एखादं मूल सतत जागेवरून उठत असेल, दुसऱ्याचं बोलणं तोडून मध्येच बोलत असेल, रोज काहीतरी हरवत असेल, हातातलं काम अर्ध्यावर टाकत असेल, किंवा खिडकीबाहेर बघत तासच्या तास हरवलेलं असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर त्या मुलाबद्दल एक पानभर नोंद लिहा आणि ती त्याच्या पालकांच्या हातात द्या. काय दिसलं, कधी दिसलं, काय केल्यावर फरक पडला, एवढंच लिहा. त्या एका पानावाचून काय अडतं, ते पुढे सांगते.

मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. आमचं एकत्र कुटुंब. धाकटे दीर नोकरीला मुंबईत आणि जाऊबाई मुलाला घेऊन इथे आमच्यासोबत. माझी मुलगी सातवीत, दिरांचा मुलगा तिसरीत. दोघांनाही एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवण्यात, चंचलता आवरण्यात आणि मनात आलेलं लगेच करून टाकण्याची ऊर्मी थोपवण्यात येणारी अडचण. मेंदूच्या वाढीशी निगडित अशी ही स्थिती आहे. पुतण्याची तक्रार पहिलीत असतानाच घरी आली. मुलीची कधी आलीच नाही, कारण ती कुणाला त्रास देत नव्हती. तिचं निदान पुतण्याच्या नंतर झालं.

आमच्याकडून बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी, नाहीतर रत्नागिरी, नाहीतर थेट मुंबई. पहाटेची एसटी, एक दिवसाची रजा किंवा बुडालेली मजुरी आणि गाडीत एका जागी बसू न शकणारं मूल. इतकं करून पोचल्यावर डॉक्टरांचा पहिल्या काही प्रश्नांतलाच एक प्रश्न असतो, "शाळेत कसा असतो?" आमच्याकडे प्रगतिपुस्तक होतं. पुतण्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'खोडकर आहे. लक्ष देत नाही.' मुलीच्या पुस्तकात, 'शांत आहे. अधिक मेहनत घ्यावी.' डॉक्टरांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि शिक्षकांनी भरायचा एक फॉर्म देऊन आम्हाला परत पाठवलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसत नाही. निदान निरीक्षणावरच होतं. जगभर वापरले जाणारे जे निकष आहेत (अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीतले), त्यांत लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलात यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ दिसायला हवीत, त्याच्या वयाला न शोभण्याइतकी असायला हवीत, त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासून असायला हवीत आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. लहान मुलाच्या आयुष्यात ठिकाणं दोनच, घर आणि शाळा. घरचं आम्ही सांगतो. शाळेचं सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. तुमची नोंद नसेल तर अर्ध्या माहितीवर निदान करायचं किंवा पालकांना परत पाठवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात उरतं.

आता मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'लक्ष देत नाही' या तीन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

माझा पुतण्या भरतीच्या वेळी जेटीवर गरी टाकून बसला की हलत नाही. आमिषाला कोळंबीचा तुकडा लावतो, दोरा बोटावर गुंडाळतो आणि बोटाला जाणवणाऱ्या बारीक झटक्याकडे त्याचं सगळं चित्त लागलेलं असतं. ऊन चढलं तरी हाक मारून आणावं लागतं. हे एका शिक्षकांनी पाहिलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "तिथे बरोबर बसता येतं की! शाळेतच काय होतं मग?" प्रश्न रास्त होता. ही मुलं जवळून पाहिलेला जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. उत्तर असं की या मुलांकडे लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळवण्याची आणि धरून ठेवण्याची यंत्रणा कमजोर असते. जिथे काहीतरी नवं घडतंय, लगेच काहीतरी हाती लागणार आहे, तिथे लक्ष आपोआप चिकटतं. जिथे फळ उशिरा मिळणार आणि काम तेच ते असणार, म्हणजे शुद्धलेखन, पाढे, उतारा उतरवून घेणं, तिथे मनाला जबरदस्तीनं बसवून ठेवावं लागतं. हे बसवून ठेवण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि त्यात डोपामिनसारख्या रसायनांचा मोठा वाटा असतो. या मुलांचं घोडं तिथेच अडतं. मोबाइलवर तासभर खिळून राहणाऱ्या मुलालाही एडीएचडी असू शकतो, तो याच कारणानं.

माझ्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिची पाचवीतली गणिताची वही मी जपून ठेवली आहे. फळ्यावर ४७ अधिक २८ होतं, तिच्या वहीत ४७ अधिक २३ आहे आणि उत्तर ७० आहे. बेरीज बरोबर, उतरवलेलं गणित चूक. त्याखालचं उदाहरण सगळंच गाळलेलं. त्याखालचं अर्धं लिहिलेलं आणि शेजारी समासात एका पक्ष्याचं चित्र, त्याचं एकेक पीस रेखलेलं. पानाच्या तळाला लाल शाईत 'अपूर्ण'. वहीभर असंच आहे. तिला बेरीज येते. फळ्यावरून मान खाली वहीकडे येईपर्यंत आकडा मनात धरून ठेवणं तिला जमत नाही. एडीएचडीत तीन प्रकारची चित्रं दिसतात: मुख्यतः लक्ष न टिकणं, मुख्यतः अतिचंचलता आणि दोन्ही एकत्र. मुलींमध्ये पहिलं चित्र अधिक आढळतं आणि त्या वर्गात गोंधळ घालत नाहीत म्हणून नजरेतून सुटतात. त्यांना 'आळशी', 'धांदरट', 'स्वप्नाळू' म्हटलं जातं आणि हळूहळू त्या स्वतःही स्वतःला तेच म्हणू लागतात. म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे की नोंद लिहायला बसाल तेव्हा मागच्या बाकावरच्या गप्प मुलीचीही एकदा आठवण करा.

प्रमाणाचं म्हणाल तर जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज शाळकरी मुलांमध्ये सुमारे ५ टक्के आहे. आपल्याकडच्या शाळा छोट्या, वीस-पंचवीस पटाच्या. तरी प्रत्येक शाळेत असं एखादं मूल असण्याची शक्यता आहेच आणि केंद्राच्या सगळ्या शाळा मिळून तर नक्कीच आहेत.

गावात या मुलांच्या आईबद्दल जे बोललं जातं तेही इथे लिहायला हवं, कारण शाळेच्या ओट्यावरही तेच कानावर पडतं. "बापूस मुंबईक, आवशीचा आयकणा नाय." "लाड करून करून बिघडवल्यान." चाकरमान्यांच्या घरातल्या बायका हे वर्षानुवर्षं ऐकत आल्या आहेत. कुणी दृष्ट काढायला सांगतं, कुणी देवळात कौल लावायला. देवाकडे गाऱ्हाणं घालण्याला माझी काही हरकत नाही, आम्हीही घातलं. पण दोष आईच्या पदरात घालू नका. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. अपुऱ्या दिवसांचा किंवा फार कमी वजनाचा जन्म, गरोदरपणी तंबाखूचा धूर, शरीरात शिसं जाणं यांनीही धोका वाढतो. लाड किंवा गोड खाणं ही त्याची कारणं नाहीत. डॉक्टरांनी जेव्हा विचारलं की घरात आणखी कुणी असं होतं का, तेव्हा माझ्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "ह्येचो बापूस लहानपणी असोच. एका जाग्यार बसलो तर शपथ!" दीर तेव्हा शाळेत रोज मार खायचे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच.

"हे सगळं मोबाइल आल्यापासूनचं फॅड" असंही ऐकते. अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी लक्ष न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन १७९८ सालच्या आपल्या ग्रंथात केलं आहे. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली आणि ती तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तेव्हा विजेचे दिवेसुद्धा बहुतेक घरांत नव्हते. मोबाइलनं झोप कमी होते, अभ्यास मागे पडतो, चिडचिड वाढते हे खरंच आहे आणि आम्ही घरात त्यावर बंधन घातलं आहे. पण मोबाइल काढून घेतला की मूल सरळ होईल, ही समजूत सोडावी लागेल.

मला सगळ्यात जास्त धीर एका अभ्यासानं दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ मोजली. हा स्तर विशिष्ट वयापर्यंत जाड होत जातो. त्यातल्या निम्म्या भागांनी कमाल जाडी गाठायचं वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षं निघालं, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. क्रम तोच, टप्पे तेच, फक्त सुमारे तीन वर्षं उशीर. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात, जिथून स्वतःला आवर घातला जातो. हालचालीशी संबंधित भाग मात्र किंचित आधीच तयार झालेला. एकाच पावसात लावलेली हापूसची कलमं एकाच वर्षी मोहरत नाहीत आणि उशिरा मोहरणारं कलम कुणी तोडून टाकत नाही. तिसरीतल्या पुतण्याकडून स्वतःला आवरण्याची अपेक्षा करताना मी आता पहिलीतलं मूल डोळ्यांसमोर आणते. मोठेपणी काहींची लक्षणं कमी होतात, पण अनेकांची काही ना काही प्रमाणात राहतात. म्हणून 'वय वाढलं की होईल बरा' म्हणून सोडूनही देता येत नाही.

इथे एक सावधगिरीही सांगते. तुम्ही निदान करावं अशी माझी अपेक्षा नाही, उलट तुम्ही ते करू नये. प्रत्येक वांड पोराला एडीएचडी नसतो. अनेक देशांत असं आढळलं आहे की वर्गातल्या सगळ्यात लहान वयाच्या मुलांना हे निदान जास्त वेळा मिळतं, म्हणजे नुसतं वयानं लहान असणं हाच काही वेळा आजार समजला जातो. आपल्या वर्गातही जवळजवळ वर्षभराच्या अंतराची मुलं शेजारी बसतात, तेव्हा जन्मतारीख आधी बघा. कान फुटून कमी ऐकू येणारं मूल, फळा न दिसणारं मूल, टॉन्सिल-अडेनॉइड वाढल्यामुळे रात्री घोरणारं आणि दिवसा चिडणारं मूल, रक्त कमी असलेलं मूल, अक्षरं ओळखण्यातच अडचण असलेलं मूल, घरात दारू आणि मारहाण बघणारं मूल, ही सगळी 'लक्ष देत नाहीत'. काही मुलं क्षणभर नजर कोरी करून थांबतात, हाकेला ओ देत नाहीत आणि पुन्हा जिथलं तिथे सुरू करतात. तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. यातलं काय खरं ते डॉक्टर ठरवतील. तुमची नोंद जितकी नेमकी, तितकं त्यांना सोपं जाईल.

नेमकी म्हणजे कशी? पुतण्याच्या वर्गावर नंतर आलेल्या बाईंनी लिहून दिलेल्या पानातला थोडा भाग त्यांच्या परवानगीनं इथे देते.

'सोमवार, गणित. फळ्यावर पाच उदाहरणं. पहिली दोन बरोबर. तिसऱ्याच्या वेळी पेन्सिल शोधायला उठला, परत आला तो शेजाऱ्याशी बोलत. जवळ जाऊन बोट ठेवून दाखवल्यावर तिसरं केलं. चौथं, पाचवं राहिलं.'

'मंगळवार, परिपाठ. रांगेत उभं राहणं जमलं नाही, पुढच्याची पिशवी ओढत होता. घंटा द्यायला पाठवलं, ते नीट केलं.'

'गुरुवार, पोषण आहार. ताटं वाटली, कुणालाही विसरला नाही. स्वतः मात्र अर्धं जेवून उठला.'

'मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास सगळ्यात कठीण. सकाळचा बरा. मुलांशी भांडण खेळात पाळी येण्याची वाट बघताना होतं. मारामारी करून झाल्यावर स्वतःच रडतो.'

एवढंच. यात कुठे दूषण नाही, विशेषण नाही. हे पान वाचून डॉक्टरांनी आम्हाला जे प्रश्न विचारले, ते त्याआधी कुणी विचारलेच नव्हते. औषध सुरू झाल्यावर ते कोणत्या वेळी द्यायचं, हेही त्या 'मधल्या सुट्टीनंतर' या ओळीवरून ठरलं.

तुमच्यावरचा भार मला माहीत आहे. दोन शिक्षक आणि सात वर्ग, त्यात पोषण आहाराचं रजिस्टर, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. एका मुलासाठी वेगळं काही करा म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या बाईंनी वर्गात ज्या गोष्टी केल्या, त्यांना वेगळा वेळ लागला नाही, हे मी पाहिलं आहे. त्यांनी त्याला दारापासून आणि खिडकीपासून लांब, पहिल्या बाकावर, एका शांत मुलाशेजारी बसवलं. त्या एका वेळी एकच सूचना देत आणि त्याच्याकडून ती वदवून घेत. दहा उदाहरणांऐवजी आधी तीन देत, ती दाखवली की पुढची तीन. उठायची वेळ त्या आधीच हेरत आणि त्याला हजेरीपट ऑफिसात पोचवायला, झाडांना पाणी घालायला पाठवत, म्हणजे उठणं हा गुन्हा न ठरता काम ठरे. चांगलं काही केलं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, नेमकं काय चांगलं केलं ते सांगत. या मुलांना महिनाअखेरच्या शाबासकीचा उपयोग होत नाही, पाच मिनिटांतली लागते. आणि रोज एका छोट्या वहीत तीन ओळी असत: जागेवर बसला का, काम पूर्ण झालं का, भांडण झालं का. बरोबर किंवा फुली. संध्याकाळी जाऊबाई ती बघत आणि बरोबरच्या खुणा जास्त असतील त्या दिवशी खाडीवर जायची परवानगी मिळे. परदेशांत या पद्धतीचा बराच अभ्यास झाला आहे आणि ती उपयोगी ठरली आहे. बाईंनी मात्र ती स्वतःच्या डोक्यानं बसवली होती.

आणखी एक करू नका असं हात जोडून सांगते. शिक्षा म्हणून या मुलांचा खेळाचा तास काढून घेऊ नका. पळून आल्यावर ती बसू शकतात, न पळता नाही.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना बंदी करतं आणि 'ढ', 'खुळा', 'मेंटल' ही नावं वर्गासमोर घेणं हा छळच आहे. पण कायद्याच्या आधीची गोष्ट अशी की मारानं या मुलांत काही बदलत नाही. चूक केल्यानंतर काय होईल हे त्यांना ठाऊक असतं. करण्याच्या क्षणी ते आठवत नाही. माराची भीती त्या क्षणाच्या नंतर पोचते. हाच उतावीळपणा आपल्याकडे जिवावरही बेतू शकतो. एडीएचडी असलेल्या मुलांना अपघात जास्त होतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे आणि आपली मुलं विहिरी, खाडी, चिऱ्याच्या खाणी आणि हायवे यांच्या मधून शाळेत येतात. सहलीला, क्रीडा स्पर्धांना नेताना या मुलाला एका मोठ्या माणसाच्या नजरेत ठेवा, सहलीतून वगळू नका.

औषधाबद्दल शाळेत गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण देतात. त्यापुढच्या वयात गरजेप्रमाणे औषध आणि वर्तनोपचार जोडीनं चालतात. मेथिलफेनिडेट हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध. ते गुंगीचं औषध नाही, मुलाला झोपवत नाही. मुलगा झोपाळलेला वाटला तर आम्हाला जरूर सांगा, मात्रा तपासावी लागेल. त्यानं भूक कमी होते, म्हणून डबा परत येतो. झोप उशिरा लागू शकते. वजन, उंची, नाडी, रक्तदाब डॉक्टर तपासत राहतात. आपल्या देशात ते औषध कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात आहे, म्हणजे चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. त्यामुळे सगळे मेडिकलवाले ते ठेवत नाहीत आणि आमच्यासारख्यांना ते लांबून आणावं लागतं. मध्ये चार दिवस औषध संपलं तर वर्गात फरक दिसेल. तेव्हा 'आज काय झालंय याला' असं त्याला न विचारता आम्हाला विचारा. ॲटोमोक्सेटिन नावाचं दुसऱ्या प्रकारचं औषधही आहे. प्रत्येक मुलाला औषध लागतंच असं नाही. माझ्या मुलीचं सध्या औषधाशिवाय चाललं आहे. ती फळ्यावरचं उतरवून घेत नाही, बाई तिला उदाहरणं कागदावर देतात.

आता केंद्रप्रमुख आणि समिती सदस्यांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारं त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणं अपेक्षित आहे. त्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे, अध्ययन अक्षमताही आहे. पण पथक शाळेत येतं तेव्हा वजन, उंची, दात, डोळे, त्वचा बघता बघता दिवस जातो. सकाळभरात पन्नास मुलं बघणाऱ्या डॉक्टरांना एखाद्या मुलाचं लक्ष सहा महिने टिकत नाही हे कसं कळणार? ते त्यांना तुम्हीच सांगू शकता. पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वर्गशिक्षकाकडून अशा मुलांच्या नोंदी घेऊन ठेवा आणि पथकाच्या हातात द्या. तिथून मुलाला पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची सोय याच कार्यक्रमात आहे. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात, त्यांनाही ती नोंद दाखवा. पालक घाबरलेले असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि गावात कुणाला कळत नाही. आपल्या भागात मनोरुग्णालयाचं नुसतं नाव काढलं तरी लोक लेकराला घेऊन घरी परततात. त्यांच्यासाठी फोन ही पहिली पायरी बरी.

कायद्यात एक फट आहे, ती तुम्हाला माहीत असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या मुलाच्या पालकांना 'आधी प्रमाणपत्र आणा' म्हटलं की ते अडकतात. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते, म्हणून दोन्हींची तपासणी एकदमच करून घ्यायला पालकांना सांगा. आणि पहिल्या बाकावर बसवायला, तीन-तीन उदाहरणं द्यायला प्रमाणपत्र लागत नाही, एवढं मुख्याध्यापकांनी आपल्या शिक्षकांना सांगून ठेवावं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर केंद्राची जी पहिली शिक्षण परिषद होईल तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, अशी केंद्रप्रमुखांना विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत असतं, तेव्हा समितीच्या बैठकीत आम्ही पालकही तो मांडू शकतो आणि आमच्या शाळेत मी तो मांडणार आहे. बाईंच्या नोंदीचा नमुना, मुलाचं नाव काढून, मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. ज्या शाळेला हवा असेल तिनं तो मागून घ्यावा. गणपतीच्या सुट्टीआधी प्रत्येक वर्गातून अशी एक जरी नोंद तयार झाली, तरी सुट्टीत मुंबईहून आलेल्या बापाला ती दाखवून दोघांनी मिळून मुलाला डॉक्टरकडे नेता येईल.

आपली,
एक पालक
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग